हिरड्यांचे मुके दुखणे

दाढ दुखू लागली की सारे घर जागे होते. लवंग शोधली जाते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात आणि सकाळी पहिली गाडी पकडून मुरूडचा दवाखाना गाठला जातो. हिरडीच्या आजाराची अशी धावपळ कोणी करत नाही, कारण तो बहुधा दुखतच नाही. सकाळी थुंकीत रक्ताची तार दिसते. पेरू चावताना फोडीवर लाल डाग उमटतो. तोंडाला वास येतो. माणूस म्हणतो, "ब्रश कडक असेल," नाहीतर "अंगात उष्णता वाढली असेल." मग जिथून रक्त येते तिथे ब्रश फिरवणे तो बंद करतो आणि आजार नेमका तिथेच वाढतो. दहा-पंधरा वर्षांनी पुढचे दात हलू लागतात, त्यांच्यात फटी पडतात आणि घरातले म्हणतात, "वय झाले, आता दात जाणारच."

केवळ वय झाले म्हणून दात पडत नाहीत. ते पडतात मुख्यतः किडीमुळे आणि हिरड्यांच्या आजारामुळे. यातला हा दुसरा आजार, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात, वेळेवर ओळखला तर थांबवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे १०० कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

राजपुरी खाडीच्या काठावरचे आगरदांडा हे असेच एक गाव, जिथे या आजाराचा विचार घराघरात व्हायला हवा. जेट्टीवरून फेरीबोट समोरच्या दिघीला जाते. अलीकडे मुरूड तालुका, पलीकडे श्रीवर्धन. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या मुस्लिम वस्त्यांत अनेक कर्ते पुरुष मुंबईत, आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला. घर सांभाळणाऱ्या बायकांना स्वतःच्या दातांसाठी दिवस मोडून दवाखान्यात जाणे जमत नाही. शिवाय कोकणातल्या जुन्या घरांत मशेरीची सवय आहे, वाड्यांत सुपारी आहे आणि साखरेचा आजारही आता घरोघरी येऊन बसला आहे. या चारही गोष्टींचा हिरड्यांशी थेट संबंध आहे.

रक्त का येते?

दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे जेवणानंतर जंतूंचा एक पातळ, चिकट थर बसू लागतो. दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात. तो नुसत्या चुळीने जात नाही, घासूनच काढावा लागतो. राहिला तर थुंकीतल्या क्षारांमुळे तो टणक होतो. हेच किटण. होडी बराच काळ पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शिंपल्यांची टणक कवचे चिकटतात आणि ती खरवडूनच काढावी लागतात. किटणाचेही तसेच. एकदा ते बसले की घरचा ब्रश, मीठ, कोळसा, राखुंडी यांपैकी कशानेही निघत नाही.

या थराशी लढण्यासाठी शरीर हिरडीकडे जास्त रक्त पाठवते. हिरडी लाल होते, सुजते आणि हात लागताच रक्त येते. म्हणजे ब्रशने हिरडी फाडलेली नसते. ती आधीच सुजलेली असते आणि ब्रशने ते फक्त दाखवून दिलेले असते. निरोगी हिरडीतून साध्या, मऊ ब्रशने रक्त येत नाही.

हे पक्के सिद्ध झाले ते १९६५ साली. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट दात घासायला सुरुवात केली आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. या पहिल्या पायरीचे नाव जिंजिव्हायटिस. या पायरीवर आजार पूर्ण बरा होतो, काहीही मागे राहत नाही.

दुर्लक्ष झाले तर काही जणांत आजार खाली उतरतो. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजू लागते आणि हिरडी व दात यांच्यात खोल फट तयार होते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलीमीटर असते. ४ किंवा त्याहून जास्त भरली तर आजार आत शिरल्याचा संशय येतो. ही दुसरी पायरी म्हणजे पेरिओडोंटायटिस. यात गेलेले हाड आपोआप परत येत नाही. उपचाराने उरलेले हाड वाचवता येते, म्हणून वेळेला एवढी किंमत आहे.

"आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही"

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते आणि ते खोटेही नसते. त्याचे उत्तर श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत मिळाले. लो यांच्याच चमूने १९७० पासून १५ वर्षे तिथल्या ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्या तपासल्या. या मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्याचे उपचारही मिळालेले नव्हते. तरीही त्यांच्यापैकी सुमारे ११ टक्के लोकांत आजार जिंजिव्हायटिसच्या पुढे गेला नाही. ८१ टक्क्यांत तो हळूहळू वाढला आणि ८ टक्क्यांत इतका वेगाने की ऐन उमेदीत दात गेले.

आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. नातू कुठल्या गटात आहे हे कोणाला ठाऊक? हिरड्यांचा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. अब्बांचे किंवा अम्मीचे दात पन्नाशीच्या आत हलले असतील, तर मुलांनी तिशीतच हिरड्या तपासून घ्याव्यात.

मशेरीचा फसवा आराम

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. कोकणातल्या कितीतरी दादी-नानींचा दिवस असा सुरू होतो. त्यांना विचारले तर सांगतात, "मशेरीने दात घट्ट राहतात, ठणका लागत नाही, रक्तही येत नाही."

यातली रक्त न येण्याची गोष्ट खरी आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. तंबाखूतल्या निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत चालू असतो, हाड झिजत असते, पण रक्त कमी येते. हिरडी वरून फिकट आणि घट्ट दिसते. म्हणजे शरीर जी खूण देत होते, तीच मशेरी पुसून टाकते. म्हणूनच मशेरी लावणाऱ्या बाईच्या दाताची पहिली तक्रार बहुतेक वेळा "दात हलतो" हीच असते.

मशेरी जिथे धरून ठेवली जाते तिथली हिरडी मागे सरते, मुळे उघडी पडतात, गार-गरम झोंबते. उपचारानंतर जखम भरायलाही तंबाखू घेणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. धूर नाही म्हणून मशेरी निरुपद्रवी ठरत नाही.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा कुठून अडवणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न विडी-सिगारेटपेक्षा तोंडात धरलेल्या तंबाखूचा अधिक आहे, आणि त्यात बायकाही आहेत.

सुपारीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. श्रीवर्धनची सुपारी हा किनाऱ्याचा अभिमान आणि अनेकांची रोजीरोटी. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, मग ती तंबाखूशिवाय खाल्ली तरी. सतत सुपारी चघळणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते. तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्याला लगेच दाखवावे.

दादीची चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही आणि सुनेने डबी लपवून तर नाहीच नाही. आधी दिवसातल्या वेळा कमी कराव्यात, सर्वांत आधी रात्रीची. हाताला सवय असते म्हणून त्या वेळी मिस्वाक किंवा ब्रश द्यावा, तोंडात बडीशेप किंवा वेलदोडा ठेवावा. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे हिरडीतून रक्त जास्त आलेसे वाटते. "मशेरी सोडली आणि दुखणे सुरू झाले" असे म्हणून पुष्कळ जणी पुन्हा डबी उघडतात. हे नवे दुखणे नव्हे, झाकलेले दुखणे वर आलेले असते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

साखर आणि हिरडी

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. रक्तातली साखर वाढलेली असली की जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि हिरडी लवकर बिघडते. उलट, हिरडीतली सततची सूज साखर आवाक्यात येऊ देत नाही. मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडा सुमारे ०.४ टक्क्यांनी खाली येतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे. गोळ्या आणि पथ्य याला पर्याय नाही, पण त्यांना ही मोठी साथ आहे.

म्हणून घरात ज्यांना साखर आहे त्यांनी डोळे आणि पाय तपासतात तशा हिरड्याही दर सहा महिन्यांनी दाखवाव्यात. आणि ज्यांच्या हिरड्या वारंवार सुजतात, गळू होतात, त्यांनी एकदा साखर तपासावी. तिशी ओलांडलेल्यांची साखर, रक्तदाब आणि तोंड यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गावच्या आशाताईंना विचारले तर दिवस आणि वेळ कळते.

दवाखान्यात काय करतात?

पहिला उपचार म्हणजे स्केलिंग, म्हणजे यंत्राने किटण काढणे. याबद्दलची भीती सर्वांत मोठी : "स्केलिंगने दात ढिले होतात." खरे असे की जुने किटण दातांमध्ये भरून बसलेले असते. ते निघाले की फटी मोकळ्या दिसतात, जीभ तिथे जाते आणि दात हलके वाटतात. दात आधीच ढिला झालेला असतो. किटणाने तो फक्त धरून ठेवल्यासारखा भासत होता. स्केलिंगनंतर काही दिवस गार-गरम झोंबते, ते हळूहळू कमी होते. दातावरचे कवच स्केलिंगने निघत नाही.

फट खोल असेल तर हिरडी बधिर करून मुळापर्यंत सफाई करतात. त्याला दोन-तीन भेटी लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी फटी पुन्हा मोजतात. तरीही काही जागा खोल राहिल्या तर हिरडी थोडी उघडून साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. किटण तसेच ठेवून नुसत्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर सूज चार दिवस ओसरते आणि पुन्हा येते.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचेही तसेच. पूर्वी शिडाच्या जहाजांवर महिनोन्महिने ताजी फळे मिळत नसत आणि खलाशांच्या हिरड्या सुजून काळ्या पडत. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टराने संत्री-लिंबे देऊन खलाशांना बरे केले. तो आजार स्कर्व्ही. आज लिंबू, पेरू, आवळा, पालेभाजी खाणाऱ्या माणसाच्या हिरडीतून रक्त येते ते बहुतेक वेळा प्लाकमुळे, आणि त्यावर गोळीचा उपयोग नाही.

आगरदांड्याच्या माणसाने जायचे कुठे? मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी भेटतात हे आधी विचारावे. त्यापुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मोठी शस्त्रक्रिया लागली तर मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आहे. रायगडातच कामोठ्याला एमजीएम दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो.

आखातातून सुट्टीवर येणाऱ्या भाईंनी एक हिशेब लक्षात ठेवावा. दातांचे काम सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते आणि मग नुसते स्केलिंग होऊन विमान गाठावे लागते. सफाई आणि सहा-आठ आठवड्यांनंतरची तपासणी दोन्ही व्हायला हव्यात. दोन महिन्यांची सुट्टी असेल तर पहिल्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जावे, आणि सोबत बेगमलाही न्यावे.

मिस्वाक, ब्रश आणि रमजान

तोंड स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिस्वाक किती प्रिय होता हे लहान मुलांनाही ठाऊक असते. दिवसात पाच वेळा वुजूत चूळ भरणाऱ्या समाजाला दातांची शिस्त जड जाऊ नये. मात्र चुळीने अन्नाचे कण निघतात, प्लाक निघत नाही, हे लक्षात ठेवावे.

मिस्वाक पीलूच्या मुळाचा असो वा कडुनिंबाचा, तो नीट वापरला तर प्लाक निघतो. टोक चावून त्याचे मऊ तंतू करावेत. हिरडीवर आडवे खसाखसा न घासता हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावे. टोक झिजले की कापून नवे करावे. बहुतेक जण पुढचे सहा-आठ दात बाहेरून घासून थांबतात. आतली बाजू आणि दाढांच्या मागची जागा राहून जाते. तिथे ब्रश सोपा पडतो. म्हणून सकाळी आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश, आणि दिवसभरात वुजूच्या वेळी मिस्वाक, असे दोन्ही ठेवावे.

ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर थोडा तिरका धरावा, छोट्या हालचाली कराव्यात, दोन मिनिटे द्यावीत. जिथून रक्त येते तिथे ब्रश टाळू नये. हलक्या हाताने तिथे अधिक लक्ष द्यावे. दर तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. दोन दातांच्या मधल्या जागेत रोज एकदा दोरा किंवा त्यासाठी मिळणारा छोटा ब्रश फिरवावा. टाचणी, सेफ्टी पिन, माचिसची काडी घालू नये. राखुंडी, कोळसा आणि खरखरीत लाल मंजनाने दात झिजतात.

माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते का, असे अनेक घरांत विचारले जाते. काहींत असते, काहींत नसते. बाटलीवर पाहावे आणि दुकानदाराकडून अल्कोहोल नसलेले मागून घ्यावे. क्लोरहेक्सिडिनचे औषध डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस वापरावे, जास्त वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात. एरवी कोमट मिठाचे पाणी पुरे.

रमजानमध्ये दोन चुका होतात. सहरी करून ब्रश न करता झोपणे आणि तरावीहनंतर दमून तसेच आडवे होणे. रोज्यात तोंड कोरडे पडते, थुंकी कमी होते आणि खजूर-शरबताचा चिकटपणा दातांवर राहतो. कोकणात बहुतेक जण शाफई मसलकाचे, आणि या मसलकात रोजेदाराने जवालनंतर मिस्वाक टाळणे बरे मानले जाते. म्हणून सहरी संपवताना, फज्रच्या अजानआधी, पाच मिनिटे राखून पेस्टने दात घासावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा. रोज्यात हिरडीतून रक्त आले तर काय, हा मसला आपल्या आलिमांना विचारावा. हिरड्यांचे उपचार शाबानमध्येच उरकले तर तो प्रश्न बहुधा येणारच नाही.

काही खास काळजी

गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. "पोटात बाळ असताना दातांना हात लावू नये" ही समजूत चुकीची आहे. डॉक्टरांना गरोदरपणाची कल्पना देऊन स्केलिंग करता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा.

रक्तदाबाची ॲम्लोडिपिनसारखी काही औषधे आणि मिरगीवरचे फेनिटॉइन यांमुळे काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. औषध स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर स्केलिंगपूर्वी तेही सांगावे.

पुढील खुणा दिसल्या तर वाट पाहू नये : हिरडीवर गळू आणि ताप, गालावर सूज, घासल्याशिवाय आपोआप रक्त येणे आणि अंगावर निळे डाग, दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा, मोठ्या माणसाचा हलणारा एकही दात.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर ओठ वर करून पाहावे. हिरडी दाताला घट्ट बिलगलेली आहे की फुगून लाल झाली आहे? ब्रश केल्यावर पाण्यात रक्त दिसते का? दिसले तर दोन आठवडे सकाळ-रात्र नीट घासावे. सूज वरवरची असेल तर एवढ्यात रक्त थांबते. थांबले नाही तर आत किटण आहे असे समजावे आणि दवाखान्याचा दिवस ठरवावा. दादीची हिरडी मात्र रक्त येत नसले तरी दाखवावी. मशेरी लावणाऱ्या तोंडाला ही चाचणी लागू पडत नाही.